हिवाळ्यात फर्मेंटेशन फ्रिज ऊबदार कसा ठेवायचा: गॅरेजात बीअर बनवणाऱ्या नवख्यांसाठी

ब्रिटनमधल्या बिनहीटिंगच्या गॅरेजात जानेवारीत पारा पाच अंशांच्या आसपास घुटमळतो आणि थंडीची लाट आली की शून्याखाली जातो. एल जातीच्या, म्हणजे ऊबेत आंबणाऱ्या बीअरच्या यीस्टला मात्र १८ ते २० अंश सेल्सिअस लागतात. नवखा माणूस पहिली बॅच सप्टेंबरात लावतो, ती झकास होते. दुसरी डिसेंबरात लावतो आणि हायड्रोमीटर (बीअरची घनता, म्हणजे साखर किती उरली ते दाखवणारं उपकरण) १.०२५ वर अडकून बसतो, आंबणं अर्ध्यावरच थांबतं. यीस्ट मेलेलं नसतं, गारठून तळाशी जाऊन बसलेलं असतं.

उपाय जुनाच आहे: एक वापरलेला फ्रिज, आत छोटा हीटर आणि बाहेर तापमान सांभाळणारा कंट्रोलर. फ्रिजच्या भिंती थर्मासासारख्या, आत गार ठेवलं तर गार आणि गरम ठेवलं तर गरम. उन्हाळ्यात हीच पेटी बीअर थंड ठेवते, हिवाळ्यात ऊबदार. भानगड एवढीच की आपण प्लास्टिकच्या बंद खोक्यात हीटर ठेवतोय, तोही दहा-बारा दिवस रात्रंदिवस चालणारा, आणि आपण तेव्हा घरात झोपलेलो असतो किंवा कामावर असतो.

म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीला मी एकच कसोटी लावली आहे. कंट्रोलर बिघडून हीटर चोवीस तास चालू राहिला, तर नुकसान फक्त बीअरचं व्हायला हवं. फ्रिजचं नाही, गॅरेजचं तर नाहीच. या कसोटीला जे उतरत नाही ते कितीही स्वस्त असलं तरी घ्यायचं नाही.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बीअर बनवायला परवाना लागत नाही. ती विकता येत नाही, आणि घरी दारू गाळणं हा वेगळा आणि गंभीर मामला आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बीअर बनवणं गुन्हा आहे, तेव्हा नाशिकच्या किंवा महाबळेश्वरच्या गारठ्यात हा प्रयोग करायचं कुणाच्या मनात असेल तर त्यांनी इथेच थांबावं.

फ्रिज निवडताना

बर्फाचा कप्पा नसलेला, इथे ज्याला लार्डर फ्रिज म्हणतात, तो सगळ्यात सोयीचा. बर्फाचा कप्पा असला की बीअर आंबवायच्या बादलीला जागा उरत नाही, आणि तो कप्पा वाकवून बाजूला करायच्या नादात आतली गॅसची नळी तडकते. असे फ्रिज किचन बदलणारी माणसं फुकटातसुद्धा देऊन टाकतात.

बघायला जाताना मोजपट्टी घेऊन जा. आत तळाला, मागच्या बाजूला कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो, त्याच्या पुढे तुमच्या बादलीचा तळ नीट टेकतो का ते आधी बघा. बादलीच्या झाकणावर एअरलॉकला (आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी नळी) वीतभर जागा राहायला हवी. दाराच्या आतले कप्पे आड येत असतील तर ते निघतात का तेही तपासा. मग दाराच्या रबरात कागदाचा तुकडा अडकवून दार लावा आणि कागद ओढा. जिथे तो सहज सुटतो तिथून ऊब गळणार. रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसून काढलं की बहुतेक वेळा पुन्हा नीट बसतं.

फ्रिज गाडीत आडवा करून आणला असेल तर उभा करून काही तास तसाच राहू द्या, मग प्लग लावा. काचेच्या फळ्या आणि भाजीचा ट्रे काढून ठेवा. फ्रिज जिथे ठेवणार त्या कोपऱ्यातून पेट्रोलचा कॅन, थिनर, रंगाचे डबे हलवा. गॅरेजात या वस्तू असतातच आणि कॉम्प्रेसरमागेच ठेवायची सवयही असते.

किती वॅटचा हीटर?

इथे थोडं थांबून आकडेमोड करू. हीटरच्या बाबतीत सगळ्या चुका ‘जरा मोठाच घेऊ’ या विचारातून होतात.

कमरेएवढ्या लार्डर फ्रिजच्या भिंतीत साधारण चार सेंटिमीटर फोम असतो आणि आतला पृष्ठभाग दोन-सव्वादोन चौरस मीटर भरतो. ढोबळ हिशोबाने आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असला की सव्वा ते दीड वॅट ऊब बाहेर गळते. दीड धरू. गॅरेज ५ अंशांवर आणि बीअर २० अंशांवर हवी, म्हणजे फरक १५ अंशांचा. १५ गुणिले दीड, साडेबावीस वॅट. बस, एवढंच लागतं. विजेचा हिशोब केला तर दिवसाला अर्ध्या युनिटच्या आसपास.

आता कसोटी लावा. ६० वॅटचा हीटर अडकून कायमचा चालू राहिला, तर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा फार तर ४० अंशांनी वर जाऊन थांबेल, म्हणजे ४५ अंश. यीस्ट मरेल, बीअर नाल्यात ओतावी लागेल, पण फ्रिज जागेवर राहील. तोच हिशोब ५०० वॅटच्या पंख्यावाल्या हीटरला लावला तर आकडा ३०० अंशांपलीकडे जातो. अर्थात तिथवर पोचायच्या आधीच सगळं आटोपलेलं असेल. फ्रिजचं आतलं पांढरं अस्तर बहुधा पॉलिस्टायरीनचं असतं आणि नव्वदएक अंशांजवळ ते मऊ पडायला लागतं. त्यामागे पॉलियुरेथेनचा फोम, आणि तो पेटला तर त्याचा धूर विषारी.

तेव्हा घराला चिकटून असलेल्या गॅरेजात २५ ते ३० वॅट पुरतात. बागेतल्या लाकडी शेडमध्ये किंवा वेगळ्या उभ्या गॅरेजात ४५ ते ६० वॅट घ्या. ६० च्या वर जायचं कारण मला तरी दिसत नाही.

कमी वॅटची एक अडचण आहे, ती आधी माहीत असलेली बरी. २० लिटर बीअर एक अंशाने तापवायला ८४ किलोज्यूल लागतात. ६० वॅटमधले वीसएक वॅट भिंतीतून गळतात, उरतात चाळीसच्या खाली. म्हणजे एक अंश चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. ३० वॅटच्या हीटरला तर गार बादली वर आणायला एक-दोन दिवसही लागतील. म्हणून हीटरकडून बादली तापवून घ्यायचीच नाही. वॉर्ट, म्हणजे यीस्ट टाकायच्या आधीचं उकळलेलं गोड पाणी, थंड करताना १९-२० अंशांवर थांबा, यीस्ट टाका आणि तशीच कोमट बादली फ्रिजमध्ये ठेवा. हीटरने ती फक्त धरून ठेवायची.

कुठला हीटर घ्यायचा, कुठला नाही

नवख्यासाठी माझी पहिली पसंती हीट बेल्टला. होमब्रूच्या, म्हणजे घरी बीअर बनवायच्या सामानाच्या दुकानात मिळतो, २५-३० वॅटचा रबरी पट्टा असतो आणि बादलीलाच गुंडाळायचा असतो. तो याच कामासाठी बनवलेला असल्यामुळे बादलीचं प्लास्टिक त्याला सोसतं. पट्टा नेहमी बीअरच्या पातळीच्या खाली बांधा, त्याची दोन टोकं एकमेकांवर येऊ देऊ नका, दुमडू नका. काचेच्या डेमीजॉनला, म्हणजे मोठ्या बुधल्याला, तो बांधू नका, पाकिटावर काचेला चालेल असं स्पष्ट लिहिलं असेल तरच अपवाद. एकाच पट्टीत काच तापली की तडकते.

दुसरा पर्याय ट्यूब हीटरचा. ग्रीनहाउसमध्ये आणि कपाटांत दमटपणा घालवायला लावतात ती बंद धातूची नळी. एक फुटी नळी साधारण ४५-६० वॅटची येते. घेताना दोन गोष्टी पाहा. ओलाव्यापासून संरक्षण असलेली हवी, कारण थंडीत फ्रिजच्या आत पाणी सुटतंच. आणि स्वतःचा थर्मोस्टॅट असलेली मिळाली तर सोन्याहून पिवळं, कंट्रोलर बिघडला तर हीटर बंद करणारं दुसरं कुलूप म्हणून तो वापरता येतो. नळीबरोबर आलेल्या पत्रकात आजूबाजूला किती जागा मोकळी सोडायची ते लिहिलेलं असतं. तेवढी जागा तुमच्या फ्रिजमध्ये निघत नसेल तर बेल्टच घ्या. नळी तिच्या ब्रॅकेटवर आडवी, तळाजवळ ठेवा. नुसती टेकवून ठेवली तर बादली उचलताना लाथाडली जाते. वर जाळीचं आवरण मिळतं, तेही घाला. भिंतीला स्क्रू मारून बसवायचा विचार मात्र करू नका, कारण पुढे येतंच आहे.

हीट मॅट, म्हणजे बादलीखाली ठेवायची तापती चटई, चालते, पण मला फारशी आवडत नाही. २५ किलो वजन तिच्यावर बसतं, खाली पाणी साचलं तर दिसत नाही, आणि तळाशी बसलेल्या यीस्टच्या थराला उगाच शेक मिळतो.

आता नकोत त्या गोष्टी. पंख्याचा हीटर, हेअर ड्रायर, तेलाचा छोटा रेडिएटर यांना वरचाच वॅटचा हिशोब लागू. सरडे-कासवं पाळणाऱ्यांकडचा सिरॅमिक बल्ब लोक सुचवतात. त्याचा पृष्ठभाग भयंकर तापतो आणि प्लास्टिकच्या खोक्यात त्याला जागा नाही. जुना पिवळा बल्ब रंगाच्या डब्यात घालून ठेवायचा जुगाडही प्रसिद्ध आहे. डब्याच्या फटीतून जो उजेड बाहेर पडतो तो हॉप्सचा, म्हणजे बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, शत्रू. उजेडाने हॉप्समधल्या कडू घटकांपासून एक गंधकयुक्त संयुग तयार होतं आणि हिरव्या बाटलीतल्या शिळ्या बीअरला येतो तो दर्प येतो. शिवाय डब्याचा पत्रा किती तापतोय यावर कुणाचाच ताबा नसतो. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवणं निर्धोक आहे, पण दर सहा तासांनी उठायची तयारी हवी.

वायर आत नेताना भोक पाडू नका

युरोपात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत विकलेल्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर६००ए, म्हणजे आयसोब्युटेन वायू असतो. तो ज्वालाग्राही आहे. प्रमाण थोडं असतं, ग्रॅममध्ये मोजण्याएवढंच, पण बंद खोक्यात गळला आणि शेजारी ठिणगी पडली तर तेवढा पुरतो. या वायूच्या नळ्या फक्त मागच्या जाळीत असतात असं समजू नका. पुष्कळ फ्रिजमध्ये त्या बाजूच्या भिंतींच्या आतून गेलेल्या असतात आणि बाहेरून काही कळत नाही. ड्रिल मारलं आणि नशीब खोटं निघालं की फ्रिज भंगारात. फुसफुस ऐकू आली तर काही चालू-बंद करू नका, गॅरेजचं दार उघडा आणि बाहेर या.

वायर नेण्याचे दोन साधे मार्ग आहेत. दाराच्या बिजागरीच्या बाजूने रबराखालून वायर घ्या. सेन्सरची वायर बारीक असते, ती सहज मावते. हीटरची जाड असली तर रबर तिथे किंचित उचलतं, ती फट फोमच्या पट्टीने बुजवा आणि दार लावल्यावर वायर चेमटत नाही ना ते पाहा. दुसरा मार्ग मागच्या भिंतीतलं पाणी वाहून जायचं भोक. त्यातून फक्त सेन्सरची वायर जाऊ शकते आणि तीही पाण्याची वाट अडवते, म्हणून मी बिजागरीचीच बाजू धरतो.

प्लग कधीही आत ठेवायचा नाही. कंट्रोलरही नाही. बाहेर येणारी वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबू द्या आणि मग वर चढवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळात थेंब होऊन खाली पडेल, प्लगमध्ये शिरणार नाही.

विजेची बाजू

गॅरेजातल्या सॉकेटला आरसीडीचं संरक्षण हवं, ३० मिलिअँपियरचं. वीज जमिनीकडे गळली की ते क्षणात तोडतं. मीटरजवळच्या पेटीत ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं, ते दाबून पाहा, सॉकेट बंद पडायला हवं. पडलं नाही किंवा असं बटणच नसलं तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. बागेच्या टोकाला असलेल्या शेडमध्ये घरातून एक्स्टेन्शन ओढून महिनाभर चालवायचं नाही. गवतातून, दाराच्या फटीतून गेलेली वायर हिवाळाभर टिकत नाही.

हीटरच्या प्लगमधला फ्यूज उघडून पाहा. ६० वॅटचा हीटर पाव अँपियरच ओढतो, त्याला ३ अँपियरचा फ्यूज पुरून उरतो, पण दुकानातून येतो तेव्हा कधीकधी १३ चा असतो. तो बदला. फ्रिजचा फ्यूज आहे तसाच राहू द्या, कॉम्प्रेसर सुरू होताना मोठा झटका घेतो. गुंडाळीचं एक्स्टेन्शन वापरावंच लागलं तर पूर्ण उलगडून वापरा आणि एकाला दुसरं जोडू नका.

धुराचा अलार्म गॅरेजात धुळीने आणि गाडीच्या धुराने उगाच बोंबलतो, मग माणूस तो काढून ठेवतो. तिथे उष्णतेवर वाजणारा अलार्म लावा आणि तो घरातल्या अलार्मशी जोडलेला असला तर उत्तम, कारण गॅरेजात वाजलेलं वरच्या मजल्यावर ऐकू येत नाही.

सेन्सर: सगळं यावर अवलंबून

कंट्रोलर म्हणजे दोन सॉकेट असलेली डबी: एकात हीटर, दुसऱ्यात फ्रिज. इंकबर्डचा आयटीसी-३०८ होमब्रू मंडळींकडे सर्रास दिसतो, पण तत्त्व सगळ्यांचं एकच. डबीला जे तापमान दिसतं तेच तिच्यासाठी खरं. आणि ते तिला सेन्सरच्या टोकाशी असलेल्या बोटाच्या पेराएवढ्या धातूच्या टोपीतून दिसतं.

ही टोपी बादलीच्या अंगाला, बीअरच्या अर्ध्या उंचीवर चिकटवा. बेल्ट असेल तर त्याच्यापासून जितकी लांब जाईल तितकी, म्हणजे बेल्टपासून वीतभर वर तरी. पण नुसती चिकटपट्टी पुरत नाही. तशी लावली तर टोपीची एक बाजू बादलीला आणि दुसरी हवेला, आणि आकडा दोहोंच्या मधला कुठला तरी. स्वयंपाकघरातला नवा, कोरडा स्पंज अर्धा कापा, टोपीवर झाकणासारखा ठेवा आणि त्यावरून पूर्ण बादलीभोवती पट्टा किंवा रुंद टेप गुंडाळा. नुसत्या टेपचे तुकडे दमट हवेत तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुटतात. सुटलेली टोपी फ्रिजच्या आत लोंबली तर फार बिघडत नाही, हवा लवकर तापते आणि हीटर बंद होतो, फक्त बीअर जराशी थंड राहते. पण वायर ओढली जाऊन टोपी दाराबाहेर आली, तर तिला दिसतात गॅरेजातले पाच अंश, आणि हीटर बंद व्हायचं कारणच उरत नाही. म्हणून वायर आतल्या बाजूला बादलीच्या मुठीला एकदा बांधून टाका. बाहेरून कुणाचा पाय अडकला तरी झटका मुठीला बसेल.

वायर पूर्ण तुटली तर चांगले कंट्रोलर चूक दाखवून दोन्ही सॉकेट बंद करतात. आणखी एक बिघाड मात्र कंट्रोलरला स्वतःला कळत नाही: आतला रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा स्विच, चिकटणं. पडद्यावर सगळं ठीक दिसतं, हीटरचा दिवाही विझलेला असतो, पण वीज चालूच. यासाठीच ते दुसरं कुलूप. ट्यूब हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट असेल तर तो पंचवीसच्या आसपास ठेवा. तो नसेल तर भिंतीचं सॉकेट आणि कंट्रोलर यांच्या मध्ये दुसरा स्वस्त प्लग-थर्मोस्टॅट लावता येतो, त्याचा सेन्सर फ्रिजच्या हवेत आणि मर्यादा २८ अंश. त्यावर किती अँपियर चालतात ते वाचा, आणि फक्त हीटर जोडलेला असताना वापरा.

कंट्रोलरचे आकडे

लक्ष्य तापमान १९. हीटिंगचा फरक ०.५, म्हणजे १८.५ ला हीटर सुरू, १९ ला बंद. कूलिंगचा फरक २. कॉम्प्रेसरसाठी थांबण्याचा वेळ दहा मिनिटं. कूलिंगचा फरकही अर्ध्या अंशावर ठेवला की हीटर आणि फ्रिजची रस्सीखेच सुरू होते: हीटर किंचित पुढे जातो, फ्रिज मागे ओढतो, पुन्हा हीटर. बीअर तिथेच, मीटर मात्र पळतोय.

खरं तर कडाक्याच्या थंडीत फ्रिजचा प्लग काढूनच ठेवावा असं माझं मत आहे. ‘यीस्ट स्वतः ऊब देतं, बीअर तापली तर?’ हा प्रश्न रास्त आहे. २० लिटर बीअर आंबताना तीन-चार दिवसांत हजारएक किलोज्यूल उष्णता सुटते, सरासरी तीन-चार वॅट, ऐन भरात दहाच्या आसपास. पाच अंशांच्या गॅरेजात भिंतींतून वीसहून जास्त वॅट गळत असतात. यीस्टची ऊब तिथेच खपते. शिवाय घरगुती फ्रिज दहा-सोळा अंशांखालच्या खोलीसाठी बनवलेलेच नसतात, थंडीत कॉम्प्रेसरचं तेल घट्ट होतं. त्याला हिवाळ्यात झोपू द्या.

यीस्ट वेगळं असेल तर आकडे बदला. लागर या थंडीत आंबणाऱ्या बीअरच्या यीस्टला १० ते १४ अंश पुरतात, त्यामुळे हिवाळा हा लागरचा मोसम आणि हीटरला जवळपास सुट्टी. उलट नॉर्वेच्या व्हॉस भागातलं क्वाइक यीस्ट ३५ अंशांजवळ खुलतं. त्यासाठी ३० अंशांचा फरक, म्हणजे ४५ वॅट फक्त गळतीलाच. बेल्ट तिथे कमी पडेल आणि २८ चं कुलूपही बदलावं लागेल. पहिल्या हिवाळ्यात क्वाइकच्या वाटेला जाऊ नका. जाता जाता: हाच फ्रिज ३० अंशांवर ठेवला तर इडलीचं पीठ लंडनच्या डिसेंबरातही रातोरात फुगतं. फक्त बीअरची बॅच आत नसताना.

बीअरआधी दोन चाचण्या

सुट्टीच्या दिवशी, घरी असताना करा.

पहिली रिकाम्या फ्रिजची, आणि ती ट्यूब हीटरसाठी. आत कमाल-किमान दाखवणारा साधा थर्मामीटर ठेवा, हीटर कंट्रोलरशिवाय सरळ सॉकेटमध्ये लावा, त्याचा थर्मोस्टॅट पूर्ण वर. दार बंद. दर अर्ध्या तासाने बघा. चार-पाच तासांत तापमान चढायचं थांबतं. बाहेर ८ आणि आत ३८ वर थांबलं, हीटर ४५ वॅटचा, तर ४५ भागिले ३०: तुमचा फ्रिज अंशाला दीड वॅट गळतो. आता वरचा सगळा हिशोब तुमच्या खऱ्या आकड्याने करता येईल. तापमान ५० च्या वर चढत राहिलं तर हीटर बंद करा, तो या फ्रिजला जास्त आहे. या वेळात हीटरजवळचं अस्तर हाताने दाबून पाहा, मऊ लागतंय का. प्लगला हात लावा. तो कोमटही होता कामा नये. जळकट वास पहिल्या दहा मिनिटांत नळीवरच्या रंगाचा असू शकतो, नंतरही येत राहिला तर हीटर परत करा.

बेल्ट असा रिकामा चालवू नका, त्याला मागे पाण्याची बादली लागते.

दुसरी चाचणी रात्रभराची. बादलीत २० लिटर पाणी, १९ अंशांचं. सेन्सर, स्पंज, कंट्रोलर सगळं खऱ्यासारखं. सकाळी बादलीतल्या पाण्यात वेगळा थर्मामीटर बुडवून कंट्रोलरच्या आकड्याशी जुळवा. अर्ध्या अंशाचा फरक असेल तर सोडून द्या, जास्त असेल तर कंट्रोलरमध्ये तेवढी दुरुस्ती करायची सोय असते. आत ठेवलेल्या कमाल-किमान थर्मामीटरच्या नोंदीत हवा २८ च्या पुढे गेलेली दिसली तर दुसरं कुलूप नीट लागलेलं नाही.

पहिली बॅच आत गेल्यावर

पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ एक नजर टाका. दार उघडून नको, कंट्रोलरचा आकडा पुरतो. कंट्रोलरचा भोंगा गॅरेजातच वाजतो, म्हणून घरात दिसणारा बिनतारी थर्मामीटर दहा-पंधरा पाउंडांत घेऊन ठेवा. पंधराच्या खाली किंवा तेवीसच्या वर गेलं की उठून बघायचं.

दार उघडाल तेव्हा लगेच डोकं आत घालू नका. २० लिटरची मध्यम कडक बीअर आंबताना ४०० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यातला काही फ्रिजमध्ये साचलेला असतो आणि नाकात सुईसारखा टोचतो. दार उघडा, जरा थांबा, मग वाका. गॅरेजचं दार थोडा वेळ उघडं ठेवलं तर बरं.

आतल्या भिंतींवर थेंब दिसणारच. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा, तळाला पाणी साचलं असेल तर टिपून घ्या, आणि त्याआधी हीटरचा प्लग काढा. कोपऱ्यात काळी बुरशी धरली तर बॅच बाहेर काढल्यावर सौम्य ब्लीचने पुसून, दार उघडं ठेवून वाळवा.

सहाव्या-सातव्या दिवशी बुडबुडे मंदावले की लक्ष्य १९ वरून २१ वर न्या. शेवटच्या टप्प्यात यीस्टला थोडी जास्त ऊब मिळाली की ते काम पुरं करतं आणि लोण्यासारखा वास देणारा डायअसेटिलही खाऊन टाकतं. मग दोन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटरचा आकडा तोच आला की बाटल्या भरा. बाटल्यांतल्या दुसऱ्या आंबवणीलाही अठरा-वीस अंशच लागतात, त्या घरात कपाटात ठेवा आणि फ्रिज पुढच्या बॅचला मोकळा करा.

मार्चच्या अखेरीस दुपारी गॅरेज पंधराच्या वर जायला लागलं की फ्रिजचा प्लग पुन्हा कंट्रोलरच्या कूलिंगच्या सॉकेटमध्ये लावा, फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट सगळ्यात थंडवर. एप्रिलमध्ये रात्री थंड आणि दुपारी उबदार असं चालतं, तेव्हा दोन्ही प्लग लागतात. मे महिन्यात हीटर काढा, वायरची पूर्ण लांबी बोटांतून फिरवून कुठे चेमटलीय का ते बघा. बिजागरीपाशी चपटी झाली असेल तर टेप लावून पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवू नका, तो हीटर बाद करा.